बर्नालांचे बहुमत, दिल्लीची उधारी

चंडीगडला ल कॉर्बुझिए यांनी उभारलेल्या विधानभवनात एका छताखाली दोन विधानसभा भरतात. मोठ्या सभागृहात पंजाबची आणि मूळ विधान परिषदेसाठी योजलेल्या लहान सभागृहात हरियाणाची. १ एप्रिल २०२२ रोजी मोठ्या सभागृहाने, भाजप सदस्यांच्या सभात्यागानंतर, चंडीगड पंजाबच्या स्वाधीन करावे असा ठराव केला. चारच दिवसांनी, ५ एप्रिलला, लहान सभागृहाने त्याला विरोध करणारा ठराव एकमताने संमत केला. दिल्लीतील जाणत्यांनी या दोन्ही ठरावांकडे वार्षिक श्राद्धविधीइतक्याच गांभीर्याने पाहिले, आणि त्यात फारसे चुकलेही नाही. मात्र या विधीमागे एक तिथी आहे. २६ जानेवारी १९८६ हा दिवस चंडीगड पंजाबच्या हवाली करण्यासाठी भारताच्या पंतप्रधानांनी लेखी मान्य केलेला होता. तो दिवस आला आणि गेला. त्यानंतर पंजाबच्या विधानसभेत जे घडले, त्याचा हिशेब देशाच्या राजकारणात नीट मांडला गेलेला नाही.

राजीव गांधी आणि संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यातील करार २४ जुलै १९८५ रोजी झाला. अकरा कलमांच्या त्या कराराचा गाभा तीन गोष्टींत होता. चंडीगड पंजाबला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात पंजाबमधील हिंदीभाषक गावे हरियाणाला जायची, ही पहिली. रावी-बियासच्या पाण्याचा वाद न्यायाधिकरणाकडे सोपवायचा, ही दुसरी. आणि तिसरी, सतलज-यमुना जोडकालवा १५ ऑगस्ट १९८६ पर्यंत पुरा करायचा. ऑपरेशन ब्लू स्टार, इंदिरा गांधींची हत्या आणि दिल्लीतील शिखांचे हत्याकांड या साऱ्याला जेमतेम वर्ष उलटले असताना एका अकाली नेत्याने दिल्लीच्या कागदावर सही करणे, ही लहान गोष्ट नव्हती. लोंगोवाल यांनी तिची किंमत महिन्याभरातच चुकवली. २० ऑगस्टला शेरपूरच्या गुरुद्वारात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

तरीही सप्टेंबरात निवडणूक झाली आणि ११७ जागांच्या विधानसभेत अकाली दलाला ७३ जागा मिळाल्या. काँग्रेसला ३२, भाजपला ६. अकाली दलाने तोवर स्वबळावर असे बहुमत कधी मिळवले नव्हते. सुरजितसिंग बर्नाला मुख्यमंत्री झाले. पेशाने वकील, मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री राहिलेले, स्वभावाने मृदू. मराठी राजकारणाच्या परिभाषेत ज्याला निखळ मवाळ म्हणावे, असा माणूस. त्र्याहत्तरचा आकडा पाहून दिल्लीने समाधानाचा सुस्कारा सोडला. लोकांनी कराराच्या बाजूने कौल दिला, अतिरेक्यांचा पराभव झाला, असे त्या वेळी लिहिले गेले. ते खोटेही नव्हते.

परंतु त्र्याहत्तर हा एका पक्षाचा आकडा होता, एका मताचा नव्हे. पक्षाचे तीन धनी होते. बर्नालांकडे सरकार होते. गुरचरणसिंग तोहरा यांच्याकडे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती, म्हणजे गुरुद्वारांचे उत्पन्न, नोकऱ्या आणि व्यासपीठे होती. आणि प्रकाशसिंग बादल, पूर्वी दोनदा मुख्यमंत्री राहिलेले, मंत्रिमंडळाबाहेर थांबून आमदारांचा मोठा गट बाळगून होते. तोहरा आणि बादल दोघेही करारावर सुरुवातीला नाराज होते. लोंगोवालांच्या आग्रहाखातर ते गप्प राहिले. संतांच्या हत्येनंतर त्या मौनाचा जामीनदारच उरला नाही. सभागृहात एकसंध दिसणारे बहुमत हे प्रत्यक्षात तीन घरांचे सामाईक अंगण होते, आणि त्याची शांतता एकाच अटीवर टिकणारी होती. बर्नालांनी दिल्लीहून काहीतरी प्रत्यक्ष आणून दाखवले पाहिजे, ही ती अट.

आणायची ती गोष्ट चंडीगड. कोणती गावे हरियाणाला द्यायची हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती मॅथ्यू यांचा आयोग नेमण्यात आला. अबोहर-फाजिल्का परिसरातील हिंदीभाषक गावे आयोगाला सापडली. मात्र ती हरियाणाला सलग जोडायची तर मध्ये कंदुखेडा नावाचे गाव येत होते आणि ते पंजाबी भाषक निघाले. करारातील सलगतेची अट एका खेड्याने मोडली. मग न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांचा आयोग आला. त्याने पंजाबने ७० हजार एकर जमीन हरियाणाला द्यावी असे सांगितले. कोणती जमीन, हे सांगितले नाही. ते शोधण्यासाठी न्यायमूर्ती देसाई यांचा तिसरा आयोग. दरम्यान जूनमधली नवी तारीखही टळली. मराठी वाचकाला या आयोगनाट्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. बेळगाव-कारवारचा प्रश्न एका निवृत्त सरन्यायाधीशाच्या हाती सोपवून १९६७ मध्ये जो अहवाल पदरात पडला, तो देणारे मेहेरचंद महाजन हे योगायोगाने जुन्या पंजाबचेच. सीमाप्रश्नावर आयोग नेमला जातो तेव्हा सरकारला बहुधा उत्तर नव्हे, अवधी हवा असतो.

महाराष्ट्राला आणखी एक जवळचा दाखला आहे. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले होते. तो निर्णय टिकला असता तर मुंबई ही महाराष्ट्राचे चंडीगड झाली असती. राज्य आपले, राजधानीची जमीन दिल्लीची. चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, एकशे पाच हुतात्मे आणि १९५७ ची निवडणूक यांनी ते टळले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राजधानीसह जन्मला. त्या दिवशी चंडीगडच्या राजभवनात राज्यपाल म्हणून पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बसले होते आणि बाहेर पंजाबी सुभ्याची मागणी पेटत होती. सहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, सुभा मिळाला, पण राजधानी मिळाली नाही. १९६९ मध्ये दर्शनसिंग फेरुमान यांनी चंडीगडसाठी ७४ दिवसांचे उपोषण करून प्राण सोडले. जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी शहर पंजाबला देण्याचे जाहीर केले आणि तेही कागदावरच राहिले. म्हणजे बर्नालांच्या हाती १९८५ मध्ये पडलेली हुंडी आधी एकदा न वटलेली होती. ती पुन्हा परत आल्यावर बाजारात कोणाची पत गेली? देणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याची.

राजकीय सवलतीचा विचार करताना दिल्लीत एक जुना समज आढळतो. मवाळ नेत्याला आश्वासन द्यावे, अंमलबजावणी थोडी हातची राखावी, म्हणजे तो ताब्यात राहतो. हा हिशेब मुळातच उलटा आहे. आश्वासन जाहीर झाले त्या क्षणी मवाळाने आपल्या बाजूची किंमत पुरती मोजलेली असते. पक्षातील प्रतिस्पर्ध्यांना त्याने शत्रूशी हातमिळवणीचा पुरावा स्वतःच पुरवलेला असतो. त्यानंतर प्रत्येक टळलेली तारीख ही त्याच्या विरोधकांच्या खात्यात जमा होते आणि त्यासाठी त्यांना काडीचेही कष्ट पडत नाहीत. २६ जानेवारी १९८६ रोजी नेमके हेच घडले. चंडीगडचे हस्तांतर टळल्याची बातमी पसरत असताना त्याच दिवशी अमृतसरला दमदमी टाकसाळ आणि शीख विद्यार्थी फेडरेशन यांनी सरबत खालसा भरवला. सरकारने बांधून दिलेला अकाल तख्त पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय तिथे झाला आणि पंथिक समिती स्थापन झाली. एका बाजूला न आलेली सवलत, दुसऱ्या बाजूला विटा उपसणारी गर्दी.

राजीव गांधींची अडचण काल्पनिक होती असे मात्र म्हणता येणार नाही. शेजारच्या लहान सभागृहातही राजकारण होते. करार होताच देवीलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणा विधानसभेचे राजीनामे देऊन न्याययुद्ध पुकारले. भजनलाल यांच्या काँग्रेस सरकारला पाणी, कालवा आणि राजधानी या तिन्ही प्रश्नांवर उत्तर सुचत नव्हते. जून १९८६ मध्ये त्यांना हलवून बन्सीलाल यांना आणावे लागले. एका सभागृहातली सवलत ही भिंतीपलीकडच्या सभागृहात अन्याय ठरत होती. त्याच वर्षी ३० जूनला झालेला मिझो करार टिकला. ललथनहवला यांनी मुख्यमंत्रिपद लालडेंगांसाठी रिकामे केले आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये राज्याचा दर्जाही मिळाला. तिथे सवलतीचे बिल चुकवणारा शेजारी नव्हता. पंजाबात तो होता, आणि त्याच्या विधानसभेची निवडणूक १९८७ मध्ये यायची होती. पण ही अडचण जुलै १९८५ मध्येही ठाऊक होती. हरियाणाला नवी राजधानी बांधण्यासाठी खणखणीत रक्कम देऊन चंडीगडचा प्रश्न गावांच्या अदलाबदलीपासून सोडवता आला असता. १९७० मध्ये तशा रकमेची भाषाही झाली होती. लोकसभेत चारशेच्या वर खासदार असलेल्या पंतप्रधानाला हे परवडणारे नव्हते, तर कोणाला परवडणार होते?

याउलट बर्नालांनी आपल्या वाट्याचे काम बरेचसे केले. ज्या कालव्याचे नाव काढले तरी पंजाबचा शेतकरी बिथरतो, त्याचे बांधकाम त्यांच्या कारकिर्दीत पुढे सरकले. हे त्यांचे शहाणपण होते की भोळेपणा, यावर पंजाबात आजही दोन मते आहेत. ज्या बाबीने त्यांचे नुकसान होणार होते ती अमलात आली आणि ज्या बाबीने ते तगणार होते ती आली नाही, एवढे मात्र निर्विवाद.

मग २९ एप्रिल उजाडला. सुवर्णमंदिराच्या आवारातून पंथिक समितीने खलिस्तानची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी बर्नालांनी पोलीस आणि कमांडो आत पाठवले. घोषणा करणारे प्रमुख तोवर निसटले होते. घटनेची शपथ घेतलेल्या मुख्यमंत्र्याला दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावेच लागेल. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या जखमेवर हात ठेवायचा तर हाती दाखवण्याजोगे काही असावे लागते. चंडीगड पंजाबात आले असते, जोधपूरच्या तुरुंगातले ब्लू स्टारचे बंदी सुटले असते, तर हाच मुख्यमंत्री 'मी इतके आणले, म्हणून हे थांबवतो' असे म्हणू शकला असता. रिकाम्या हाताने त्याने दरवाजा उघडला आणि तो दिल्लीचा कोतवाल ठरला.

अमरिंदरसिंग यांनी कृषिमंत्रिपद सोडले. बादल आणि तोहरा यांनी उघड बंड केले आणि २७ आमदारांचा वेगळा गट सभागृहात बसला. आकड्याकडे नीट पाहावे. त्र्याहत्तरचा एक तृतीयांश म्हणजे पंचवीस. आदल्याच वर्षी आलेल्या पक्षांतरबंदी कायद्याने तेवढ्या फुटीला मोकळीक ठेवली होती. ती २००३ च्या घटनादुरुस्तीने काढली गेली. सत्तावीस ही संख्या भावनेच्या भरात जमलेली नव्हती, ती मोजून जमवलेली होती. सभागृहाचे अध्यक्ष रविइंदरसिंग यांचे पदही मे महिन्यात रिकामे झाले आणि जूनमध्ये सुरजितसिंग मिन्हास त्या आसनावर आले.

बर्नालांकडे उरले ४६. बहुमताला ५९ हवेत. उरलेले तेरा कुठून येणार, याचे उत्तर सभागृहात एकच होते आणि ते काँग्रेसच्या बाकांवर बसले होते. ज्या पक्षाने करार पाळला नाही, त्याच पक्षाच्या मतांवर करार करणाऱ्याचे सरकार तगले. काँग्रेसला यात चातुर्य वाटले असावे. अकाली सरकार आपल्या मुठीत आले, असे दिल्लीत बोललेही जात होते. प्रत्यक्षात बर्नाला यांच्यावरचा प्रत्येक आरोप काँग्रेसच्या प्रत्येक मताबरोबर सिद्ध होत गेला. विभागलेल्या सभागृहात मवाळाला तारणारा हात विरोधकाचा असेल, तर तो हात त्याला बुडवतो. मुठीत आलेले सरकार मुठीबाहेर कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

त्यातच पंजाबात विधानसभेच्या बाहेर आणखी एक सभागृह असते, आणि त्याला पक्षादेश लागू होत नाही. अमृतसरच्या मुख्य ग्रंथींनी मुख्यमंत्र्यांना दोषी ठरवले. बर्नालांनी शिक्षा स्वीकारून भाविकांचे जोडे पुसले. नोव्हेंबर १९८६ मध्ये तोहरा पुन्हा गुरुद्वारा समितीच्या अध्यक्षपदी आले आणि बर्नाला गटाचा उमेदवार पडला. फेब्रुवारी १९८७ मध्ये अकाल तख्ताचे कार्यकारी जथेदार दर्शनसिंग रागी यांनी सर्व अकाली गट विसर्जित करून एक होण्याचा आदेश दिला. बर्नालांनी तो नाकारला आणि त्यांना पंथाबाहेर काढण्यात आले. निवडून आलेले सरकार धर्मपीठाच्या आदेशाने मोडणार नाही, ही त्यांची भूमिका होती. देशात धर्मनिरपेक्षतेवर व्याख्याने देणारे पुष्कळ झाले. तिच्यासाठी स्वतःच्या धर्मातून बहिष्कृत होण्याची पाळी आलेला मुख्यमंत्री दुसरा सांगता येत नाही.

त्यांना हटवले ते मात्र धर्मपीठाने नव्हे. ११ मे १९८७ रोजी राज्यपाल सिद्धार्थ शंकर रे यांच्या अहवालावरून राष्ट्रपती राजवट लागू झाली. कारण दिले गेले ते कायदा-सुव्यवस्थेचे, आणि हिंसाचार वाढला होता हेही खरे. आदल्या ऑगस्टात जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात हत्या झाली होती आणि पंजाबात बसमधून उतरवून प्रवाशांना मारण्याचे प्रकार घडले होते. पण १७ जूनला हरियाणाचे मतदान होते, हेही कॅलेंडरवर दिसत होते. पंजाबातील सरकार बळी देऊन हरियाणा राखण्याचा तो बेत असेल, तर त्याचा निकाल नव्वदांपैकी पाच जागा असा लागला. देवीलालांच्या लोकदलाला ६० आणि भाजपला १६ जागा मिळाल्या. पंजाबात राष्ट्रपती राजवट फेब्रुवारी १९९२ पर्यंत चालली, तिच्यासाठी घटना पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली आणि मृतांची संख्या १९९०-९१ मध्ये कितीतरी पटींनी वाढली. कालव्याच्या अभियंत्यांची १९९० मध्ये चंडीगडमध्येच हत्या झाली. काम थांबले ते थांबलेच.

सर्वांत बोचरा तपशील जोधपूरच्या बंद्यांचा आहे. त्यांच्या सुटकेची मागणी बर्नाला मुख्यमंत्री असताना सतत होत होती. ती मान्य झाली नाही. मार्च १९८८ मध्ये मात्र त्यांतील पहिल्या तुकडीची सुटका झाली. त्याच वेळी भिंद्रनवाले यांचे पुतणे जसबीरसिंग रोडे यांना तुरुंगातून सोडून अकाल तख्ताच्या जथेदारपदी बसू देण्यात आले. जहालांतूनच कोणी बोलण्याजोगा सापडेल, या आशेने. जी सवलत निवडून आलेल्या मवाळाला नाकारली, ती दहा महिन्यांनी बंदूकधाऱ्यांवर वजन असेल अशा समजुतीने दुसऱ्याच्या पदरात टाकली गेली. दोन महिन्यांत सुवर्णमंदिराला पुन्हा वेढा पडला. सवलती कोणाला मिळतात, हे पंजाबातील तरुणांनी त्या वर्षी पाहून घेतले.

आता जहाल कोण, हा प्रश्न. मराठी मनात जहाल आणि मवाळ हे शब्द टिळक-गोखल्यांच्या काळापासून विचारांची दोन घराणी म्हणून रुजले आहेत. चंडीगडच्या सभागृहात ते तसे लागू पडत नाहीत. ज्या बादलांनी १९८६ मध्ये जहालांचे नेतृत्व केले, तेच १९९७ मध्ये भाजपला सोबत घेऊन मुख्यमंत्री झाले आणि हिंदू-शीख ऐक्याची भाषा बोलत पुढे आणखी दोन कार्यकाळ राज्य करून गेले. अमरिंदरसिंग तर २००२ मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री म्हणून त्याच भवनात परतले. यांपैकी कोणाच्याही स्वभावात १९८६ मध्ये काही दाहक उतरले आणि नंतर विझले, असे नाही. न वटलेल्या हुंडीने सभागृहात एक जागा निर्माण केली होती, जिच्यावर बसणाऱ्याला काहीही न देता मुख्यमंत्र्याला घायाळ करता येत होते. ती जागा रिकामी राहिली नाही. चंडीगड वेळेवर मिळाले असते तर सत्तावीसांपैकी किती तिथे बसले असते, याचा अंदाज बादलांच्या पुढच्या वाटचालीवरून बांधता येतो.

बर्नालांना डिसेंबर १९८८ मध्ये अकाल तख्तासमोर प्रायश्चित्त घ्यावे लागले. गळ्यात पाटी अडकवून त्यांना खांबाला दोरीने बांधण्यात आले होते. पुढे ते तमिळनाडूचे राज्यपाल झाले. जानेवारी १९९१ मध्ये करुणानिधींचे सरकार बरखास्त करण्यासाठी दिल्लीला राज्यपालांचा अहवाल हवा होता, तो त्यांनी दिला नाही. सरकार अहवालाविनाच बरखास्त झाले आणि बर्नालांनी पद सोडले.

चंडीगडच्या मोठ्या सभागृहात मात्र एकमत पुढे झाले. सर्वोच्च न्यायालयाने जून २००४ मध्ये जोडकालवा केंद्राने पुरा करावा असा आदेश दिला, तेव्हा १२ जुलै रोजी मुख्यमंत्री अमरिंदरसिंग यांनी पाण्याचे सारे जुने करार रद्द करणारे विधेयक मांडले. विरोधी बाकांवर बादल आणि त्यांचा अकाली दल होता. विधेयक एकमताने संमत झाले आणि त्याच दिवशी राज्यपालांची मोहोर उमटली. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१६ रोजी तो कायदा घटनाबाह्य असल्याचे मत दिले, त्याच दिवशी अमरिंदरसिंग यांनी लोकसभेचा राजीनामा जाहीर केला. या वेळी मुख्यमंत्रिपदी बादल होते. पाण्याचा थेंब बाहेर जाऊ देणार नाही, असे दोघेही सांगत होते.